हरित बंदर आणि मालकीचा प्रश्न

(पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळील एका बंदराविषयी मी आज बोलणार आहे. महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांनी त्याची चिंता का वाहावी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल, असा मला विश्वास आहे. तूर्त एवढेच सांगतो की, तुतिकोरिनचे, म्हणजे आजच्या थुथुकुडीचे आणि आपले नाते आजचे नाही. ते निदान १९०८ सालापासूनचे आहे.

व. उ. चिदंबरम पिळ्ळै हे तुतिकोरिनचे वकील. टिळकांना ते आपले राजकीय गुरू मानीत. तुतिकोरिन आणि कोलंबो यांमधील जलवाहतूक त्या काळी एका गोऱ्या कंपनीच्या मुठीत होती. ती मक्तेदारी मोडण्यासाठी चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी जहाज कंपनी काढली. पंचवीस-पंचवीस रुपयांचे भाग विकून त्यांनी भांडवल उभे केले आणि जहाजे आणली. गोऱ्या कंपनीने भाडे उतरवले. शेवटी तिने फुकट प्रवास आणि वर छत्रीची भेट देऊ केली, असे सांगतात. चिदंबरम पिळ्ळै मात्र जहाजांवर थांबले नाहीत. १९०८च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तेथील कोरल मिलच्या कामगारांनी संप केला, त्याचे नेतृत्व त्यांनी आणि सुब्रमण्य शिव यांनी केले. वेतनवाढ आणि रविवारची सुट्टी कामगारांनी मिळवली. त्यानंतर काही दिवसांतच दोघांना अटक झाली. जुलै १९०८ मध्ये चिदंबरम पिळ्ळै यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा दिवसांचा संप केला. इकडे १९११ मध्ये स्वदेशी कंपनी गुंडाळली गेली आणि तिचे एक जहाज ज्या कंपनीविरुद्ध लढा होता तिच्याच हाती गेले.

हा इतिहास मी केवळ अभिमानासाठी सांगत नाही. बंदर कोणाचे, तेथील व्यापार कोणासाठी आणि तेथील कामगाराचे त्यात स्थान काय, हे तीन प्रश्न चिदंबरम पिळ्ळै यांनी एकाच वेळी हाती घेतले. म्हणूनच साम्राज्याला ते असह्य झाले. नुसती स्वदेशी जहाजे कदाचित सहन झाली असती. स्वदेशी जहाजे आणि संप यांची सांगड सहन होणे शक्य नव्हते. २०११ पासून तुतिकोरिनच्या बंदराला त्यांचेच नाव आहे. त्या बंदराचे आज जे घडवले जात आहे, त्याला हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

आता प्रत्यक्ष योजनेकडे वळू. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटी रुपयांची. उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे. सूर्य आणि वारा यांच्या विजेने पाण्याचे विघटन करून मिळवलेला हायड्रोजन तो हरित हायड्रोजन. तो जहाजाने दूर नेणे अवघड असते, म्हणून त्याचा अमोनिया करून तो निर्यात करावयाचा. या कामासाठी कांडला, पारादीप आणि तुतिकोरिन ही तीन मोठी बंदरे केंद्रे म्हणून निवडण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तुतिकोरिन बंदरात ३ कोटी ८७ लाख रुपये खर्चाचा एक प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. त्याची क्षमता ताशी दहा घनमीटर, म्हणजे तासाला एक किलोहूनही कमी हायड्रोजन. बंदराच्या वसाहतीतील रस्त्यांवरचे दिवे त्यावर लागतात. प्रयोग लहान असणे हा दोष नव्हे. सर्वच प्रयोग लहान असतात. परंतु तासाला एक किलो आणि वर्षाला पन्नास लाख टन यांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरातच जमीन, वीज, पैसा आणि माणसे यांचे सगळे प्रश्न दडलेले आहेत.

हे बंदर आज कशावर जगते? मुख्यत्वे कोळशावर. बंदराच्या शेजारी २१० मेगावॉटच्या पाच संचांचे औष्णिक वीजकेंद्र उभारले गेले, नंतर आणखी एक हजार मेगावॉटचे केंद्र आले. त्यांचा कोळसा ओडिशाच्या खाणींतून आगगाडीने पारादीपला जातो, तेथून जहाजाने तुतिकोरिनला येतो. म्हणजे ज्या तीन बंदरांना आपण हरित केंद्रे म्हणतो, त्यांपैकी दोन बंदरे वर्षानुवर्षे एकाच कोळशाच्या वाटेची दोन टोके आहेत. आणि तिसऱ्या, कांडल्याच्या बंदराचा मोठा आधार खनिज तेल हा आहे.

याचा अर्थ ही योजना फसवी आहे, असा मी काढत नाही. कोळशाच्या बंदरानेच बदलावयाचे आहे. जे बंदर मुळातच स्वच्छ आहे त्याने काय बदलायचे? हवामानाचे संकट खरे आहे आणि त्याचा पहिला फटका मच्छीमाराला, शेतमजुराला आणि झोपडीत राहणाऱ्याला बसतो. त्यामुळे कोळशापासून दूर जाणे ही आपलीच मागणी असली पाहिजे. आपला प्रश्न वेगळा आहे. इंधन बदलले म्हणजे संबंध बदलतात काय? क्रेनखाली उभा असलेला कंत्राटी कामगार कोळसा उतरवीत होता, उद्या तो अमोनियाच्या टाकीजवळ उभा राहील किंवा फाटकाबाहेर उभा राहील. यांपैकी काय होणार, हे रसायनशास्त्र ठरवीत नाही. ते राजकारण ठरवते.

प्रथम विजेचा हिशेब पाहू. एक किलो हायड्रोजनसाठी सुमारे पन्नास युनिट वीज लागते. पन्नास लाख टनांसाठी पंचवीस हजार कोटी युनिट, म्हणजे देशात आज वर्षाला जेवढी वीज निर्माण होते तिचा सुमारे सातवा हिस्सा. तुतिकोरिनपुरते बोलायचे तर, वर्षाला दोन लाख टन हरित अमोनिया तयार करायचा असेल तर सुमारे पस्तीस हजार टन हायड्रोजन आणि पावणेदोनशे कोटी युनिट वीज लागेल. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या चौदा-पंधरा लाख कुटुंबांची ती वीज आहे. ती निर्यात होणाऱ्या अमोनियाच्या रूपाने परदेशी जाणार असेल, तर निदान तसे स्पष्ट सांगून देशाची संमती घेतली पाहिजे.

दुसरा हिशेब पैशाचा. अभियानाच्या १९,७४४ कोटींपैकी १७,४९० कोटी हे यंत्रनिर्मिती आणि हायड्रोजन उत्पादन यांना प्रोत्साहन म्हणून द्यावयाचे आहेत. शिवाय २०३० अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या हरित हायड्रोजन प्रकल्पांना आंतरराज्य वीजवहनाचा आकार पंचवीस वर्षे माफ आहे. तारा आणि मनोरे फुकट उभे राहत नाहीत. जो आकार एकाला माफ होतो तो इतर ग्राहकांच्या बिलात जाऊन बसतो. म्हणजे जोखीम सार्वजनिक, सवलत सार्वजनिक, बंदराची जमीन सार्वजनिक आणि नफा तेवढा खासगी. "भांडवलदाराशिवाय हे होणार कसे?" असे आपल्याला विचारले जाते. आपले उत्तर सरळ आहे. भांडवलाचा मोठा वाटा जनताच देत आहे. मग जनतेचा मालकी हक्क कोठे आहे?

बंदराच्या कारभारातही याच दिशेने बदल झाला आहे. १९६३च्या कायद्याने आपली मोठी बंदरे विश्वस्त मंडळांकडे सोपवली होती. २०२१च्या कायद्याने त्यांची प्राधिकरणे केली. 'विश्वस्त' हा शब्द गेला. बंदराने स्वतः माल हाताळण्याऐवजी जमीनदारासारखे राहावे, धक्के आणि जमिनी भाडेपट्ट्याने द्याव्यात, हे धोरण आधीपासून चालू होते. त्याला आता पक्का कायदेशीर पाया मिळाला. नव्या मंडळावर कर्मचाऱ्यांचे हित पाहणारे दोन सदस्य असतात. कंत्राटी कामगारांचे, मच्छीमारांचे आणि मिठागरांवर राबणाऱ्यांचे हित पाहणारा सदस्य कोण, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

मिठागरांचा उल्लेख मी मुद्दाम केला. मीठ उत्पादनात गुजरातच्या खालोखाल तमिळनाडूचे नाव घेतले जाते, ते प्रामुख्याने तुतिकोरिनमुळे. तेथे स्त्रिया आणि पुरुष पहाटेपासून उन्हे चढेपर्यंत खाऱ्या पाण्यात उभे राहून मीठ ओढतात. पाऊस सुरू झाला की काम बंद आणि मजुरीही बंद. जमीन त्यांची नाही, मीठही त्यांचे नाही. अशी जमीन सरकारदरबारी नेहमीच 'मोकळी' दिसते. मुंबईकरांना हे समजावून सांगायला नको. धारावीच्या पुनर्वसनाच्या नावाखाली सुमारे अडीचशे एकर मिठागर जमीन २०२४ मध्ये कशी मोकळी ठरली, ते आपण पाहिले आहे. सौर पटले, टाक्या आणि वाहिन्या यांना सपाट जमीन लागते आणि किनाऱ्यावरची सपाट जमीन म्हणजे बहुधा कोणाचे तरी मिठागर, गायरान किंवा मासळी वाळवण्याची जागा.

आणि समोर समुद्र आहे तो मन्नारच्या आखाताचा. १९८६ मध्ये तेथील एकवीस बेटांचे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. प्रवाळ, शंख आणि मासळी यांवर किनाऱ्यावरची गावे जगतात. येथे आपल्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. हायड्रोजन सगळे पाणी पिऊन टाकील, असा प्रचार काही ठिकाणी होतो. एक किलो हायड्रोजनला तत्त्वतः नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरणासकट दुप्पट-तिप्पट धरा. दोन लाख टन अमोनियासाठी विघटनाला लागणारे पाणी दिवसाला वीस-पंचवीस लाख लिटरांच्या आसपास येते, म्हणजे पंचवीस हजार वस्तीच्या गावाला लागेल तेवढे. ते समुद्राचे पाणी गोडे करून मिळू शकते. अतिशयोक्ती केली तर खरा प्रश्न हातातून निसटतो. खरा प्रश्न हा की, पाणी गोडे केल्यावर उरणारे दाट खारे पाणी कोठे सोडले जाणार, ते कोण मोजणार आणि मोजलेले आकडे मच्छीमारांच्या हाती त्यांच्या भाषेत येणार की नाही. अमोनिया हा विषारी वायू आहे. त्याच्या साठवणीपासून वस्ती किती अंतरावर असावी, हे वस्तीला विचारून ठरणार की नाही.

हे प्रश्न तुतिकोरिनमध्ये किती जिव्हाळ्याचे आहेत, हे समजण्यासाठी स्टरलाइटची हकीकत आठवली पाहिजे. आणि ती आपल्या रत्नागिरीपासून सुरू होते. तांबे शुद्ध करण्याच्या या कारखान्याला १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने रत्नागिरीत जमीन दिली होती. आंबा बागायतदार आणि मच्छीमार यांनी विरोध केला. १९९३ मध्ये काम थांबवावे लागले. मग तोच कारखाना तुतिकोरिनला गेला. कोकणातील आपला विजय ही दुसऱ्या एका किनाऱ्याची आपत्ती ठरली, हे कडू सत्य आपण स्वीकारले पाहिजे. २२ मे २०१८ रोजी, आंदोलनाच्या शंभराव्या दिवशी, तेथे पोलिसांनी गोळीबार केला. तेरा माणसे मारली गेली. कारखाना बंद झाला आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उघडण्यास नकार दिला. तेथे काम करणाऱ्यांचा रोजगारही गेला. त्याचा दोष मात्र आंदोलकांवर टाकला जातो, ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकून न घेण्याचे धोरण चालवले त्यांच्यावर नाही.

ज्या गावाने तेरा माणसे गमावली, त्या गावात हरित प्रकल्प येत आहे. 'हा कारखाना धूर सोडत नाही' एवढे सांगून तेथे विश्वास निर्माण होणार नाही. धुराबरोबरच न विचारण्याविरुद्धही तो लढा होता.

आपल्याकडचा अनुभवही काही वेगळे सांगत नाही. न्हावा-शेवा बंदराच्या आणि नव्या मुंबईच्या जमिनींसाठी १९८४च्या जानेवारीत उरणचे शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. बंदरासाठी ज्यांची जमीन गेली त्यांना मात्र त्या साडेबारा टक्क्यांसाठी तीन दशके वाट पाहावी लागली. जहाजे वेळेवर लागली, जमिनीचा तुकडा तेवढा वेळेवर मिळाला नाही.

त्याच सुमारास मुंबईच्या गोदीतही एक बदल घडत होता. स्वातंत्र्यानंतर १९४८च्या गोदी कामगार कायद्याने रोज सकाळी फाटकावर उभे राहून काम मागण्याची लाचारी संपवण्याची वाट मोकळी झाली. नोंदणी, पाळी, हजेरीभत्ता हे सगळे त्यातून आले. पी. डिमेलो यांच्यासारख्या नेत्यांनी ते कागदावरून गोदीत आणले. मग कंटेनर आला. कंटेनरने काम सोपे केले, हे खरे. परंतु ज्यांचे काम त्याने संपवले त्यांचा त्या सोयीत वाटा किती होता? यंत्राला विरोध हा आपला मार्ग कधीच नव्हता. यंत्रामुळे जे वाचते त्यात कामगाराचा वाटा, ही आपली मागणी होती. तिची नोंद वेळेवर झाली नाही, म्हणून गोदीतील माणसे घरी गेली आणि क्रेन उरल्या. तुतिकोरिनच्या कोळसा धक्क्यावर तेच पुन्हा घडू द्यायचे काय?

मग दुसरी वाट आहे का? आहे. डेन्मार्कमधील एस्बर्ग हे बंदर मासेमारीवर वाढले, मग समुद्रातील तेलावर जगले आणि २००२ पासून समुद्रातील पवनचक्क्यांचे मोठे केंद्र झाले. ते बंदर तेथील नगरपालिकेच्या मालकीचे आहे. कोपनहेगनजवळ समुद्रात २००० साली वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील निम्मा हिस्सा आठ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेचा होता. डेन्मार्क हा समाजवादी देश नव्हे. तेथील परिस्थिती जशीच्या तशी येथे आणता येणार नाही, हेही मला मान्य आहे. परंतु ज्या महाराष्ट्राने सहकारी साखर कारखाने उभे केले, त्याला सहकारी पवनचक्की अशक्य वाटण्याचे कारण नाही. त्या कारखान्यांचे पुढे काय झाले, हेही आपण जाणतो. सभासदाचा हक्क जागता ठेवला नाही तर सहकाराचीही सरंजामी होते, हा धडा विसरून चालणार नाही.

तेव्हा आपली भूमिका काय असावी? ढोबळ विरोध नको आणि ढोबळ स्वागतही नको. आपण अटी मांडू. पहिली अट: बंदराची जमीन सार्वजनिक मालकीचीच राहील, भाडेपट्टे मर्यादित मुदतीचे असतील आणि त्यांचे दर जाहीर होतील. दुसरी: ज्या प्रकल्पाला सरकारी अनुदान आणि माफी मिळते, त्यात तेवढ्या प्रमाणात सार्वजनिक भागभांडवल असेल. तिसरी: कोळशाचे काम कमी होण्यापूर्वी कायम आणि कंत्राटी, दोन्ही कामगारांची नोंदणी होईल, पगारी प्रशिक्षण आणि नव्या कामात पहिला हक्क त्यांना मिळेल. चौथी: मच्छीमार आणि मीठ कामगार यांच्या सहकारी संस्थांना उत्पन्नात वाटा आणि पाण्याच्या तपासणीत अधिकार असेल. पाचवी: हरित अमोनिया आधी देशाच्या खतासाठी वापरला जाईल. खत कारखान्यांसाठी ७ लाख २४ हजार टन हरित अमोनियाचे लिलाव २०२५ मध्ये झाले आहेत, म्हणजे हे अशक्य नाही. आयात केलेल्या वायूवर आणि अमोनियावर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याचे खत आधी, परदेशी वीजकेंद्राची भट्टी नंतर.

या अटी मान्य करून घेण्यात एक अडचण आहे आणि ती आपल्या घरातली आहे. गोदी कामगाराला धक्का वाढायला हवा असतो. मच्छीमाराला धक्का वाढला की जाळे टाकायची जागा गेलेली दिसते. दोघेही आपले आहेत आणि दोघेही खरे बोलत आहेत. यांतील एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला मागास किंवा स्वार्थी ठरवणे सोपे आहे; अनेक चळवळी तेथेच फुटल्या. त्या दोघांना अटींच्या एका मसुद्यावर आणणे हे पक्षाचे काम आहे. ते सभेतल्या भाषणाने होत नाही. धक्क्यावर आणि कोळीवाड्यात बसून, कागद वाचून, हिशेब समजावून होते.

आणि हे काम तुतिकोरिनपुरते नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये स्वतःचे हरित हायड्रोजन धोरण जाहीर केले, त्यात ८,५६२ कोटी रुपयांची तरतूद केली. आपल्या किनाऱ्यावरही ही बंदरे, हे भाडेपट्टे, ही 'मोकळी' जमीन येणार आहे. त्या वेळी प्रकल्प रत्नागिरीतून हाकलून दुसऱ्याच्या दारात पाठवण्याचा विजय आपल्याला नको आहे. दोन्ही किनाऱ्यांवर त्याच अटी, ही मागणी हवी आहे. म्हणून येत्या काही महिन्यांत रायगड, रत्नागिरी आणि पालघर येथील शाखांनी आपापल्या बंदरांच्या जमिनीची आणि कामगारांची यादी करावी, अशी माझी सूचना आहे. प्रकल्पाचा आराखडा आपल्या हाती येण्याआधी आपला आराखडा तयार असला पाहिजे. १९०८ मध्ये तुतिकोरिनच्या संपाचे आणि मुंबईच्या संपाचे नाते ज्यांनी ओळखले, त्यांचा वारसा आपण सांगतो. तो चालवायचा असेल तर ही यादी करण्यापासून सुरुवात करू या.